भावाला माफ केलंय म्हणते, पण प्रभुभोजनाला पाय पुढे पडत नाही

नगरची_लेक

सलाम सगळ्यांना. वाचत असते इथे, लिहितेय पहिल्यांदाच. लांब होईल, सांभाळून घ्या.

आम्ही दोघंच भावंडं, मी आणि थोरला दादा. वडील मास्तर होते, २०१२ ला वारले. मागे नगरमधलं चार खोल्यांचं घर आणि गावाकडे अडीच एकर. २०१५ मध्ये दादा म्हणाला आईच्या औषधपाण्याला पैसा लागतोय, जमिनीवर कर्ज काढायचंय, तुझी पण सही लागेल. मी पुण्याहून सकाळच्या एसटीने गेले, रजिस्टर ऑफिसात सही केली, अंगठा दिला, फोटो काढला, दादाने बाहेर उसाचा रस पाजला आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून वरून शेंगांची पुडी पण दिली. कागद वाचला नाही मी, सख्ख्या भावाचा कागद कोण वाचत बसतं. ते हक्कसोडपत्र होतं. वर्षभराने जमीन विकली गेली तेव्हा कळलं, ते पण चुलत्यांकडून. दादाला विचारलं तर म्हणाला, "तुझ्या लग्नात काय कमी खर्च झाला का?" तिथून बोलणं बंद झालं ते आजतागायत.

२०१७ ला आई गेली. मला फोन शेजारच्या काकूंचा आला, दादाचा नाही. पोचले तेव्हा पेटी चर्चमध्ये आणलेली, झाकण लावायचं तेवढं राहिलं होतं. कबरस्तानात मूठभर माती टाकताना दादा समोर उभा, मधे खड्डा. एक शब्द नाही बोललो दोघं पण.

आता भाचीचं लग्न ठरलंय मे मध्ये. पत्रिका आली कुरियरने. पाकिटावर वहिनीचं अक्षर. आत चिठ्ठी नाही, मागून फोन नाही. आत्या म्हणून माझं नाव मात्र छापलंय निमंत्रकांत, मला न विचारता.

नवरा म्हणतो अजिबात जायचं नाही. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले माफ करा आणि विसरून जा, ख्रिस्ताने आपल्याला किती माफ केलंय ते बघा. ते बरोबरच आहे हो. मी रोज प्रभूच्या प्रार्थनेतली "जसे आम्ही आमच्या ऋण्यांस" ही माफीची ओळ म्हणते आणि त्या ओळीला दरवेळी आवाज बारीक होतो माझा. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी) असतं. त्या दिवशी मी संडे स्कूलच्या पोरांना सांभाळायला मागच्या खोलीत जाऊन बसते. लोकांना वाटतं काय सेवाभाव आहे. खरं म्हणजे आधी भावाशी समेट कर आणि मग वेदीपाशी ये हे वचन घशात अडकतं.

तर विचारायचं एवढंच की माफ करणं म्हणजे नक्की काय करायचं? लग्नाला जाऊन हसत फोटो काढायचा का? आणि मी मनात माफ केलंय असं म्हणते ते खरंय की मी स्वतःलाच फसवतेय?

निवृत्त_शिक्षिका

बाळा, जा लग्नाला. साताच्या सत्तर वेळा सांगितलंय प्रभूने, तुझी तर अजून पहिलीच वेळ आहे. आम्ही सात बहिणभावंडं होतो, आता दोघी उरलोय. रागवायला सुद्धा माणूस लागतं गं. पोरीचा काय दोष, तिच्या डोक्यावर हात ठेव, चांगली साडी नेस आणि ये परत.

सरळ_बोलणारा

मावशींचा आदर ठेवून बोलतो, हेच तर चुकतं आपल्या मंडळीत. ज्याचं गेलं त्यालाच उपदेश. भावाला कुणी पाळक जाऊन म्हणाला का की बाबा, बहिणीचा वाटा दे मग पुढच्या बाकावर बस? नाही म्हणणार, कारण तो वर्गणी देतो आणि पुढच्या बाकावर तोच बसलेला असतो.

ताई, एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. तुमचा हक्क म्हणजे कुणाची मेहरबानी नव्हती. आपल्याला इंडियन सक्सेशन ॲक्ट १९२५ लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांना सारखं, म्हणजे तुमच्या घरात आई, दादा, तुम्ही, प्रत्येकी एक तृतीयांश. आई पण तशाच गेल्या असतील तर त्यांचा भाग तुम्हा दोघांत निम्मा निम्मा. लग्नात खर्च केला म्हणून वाटा संपतो असं कुठल्याच कलमात नाही. घराचं काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाहीये, त्याच कागदात घर पण होतं का ते आधी बघा. जमिनीला फार उशीर झालाय, फसवून केलेला कागद रद्द करून मागायची मुदत कळल्यापासून तीन वर्षं असते. तरी वकिलाला दाखवा.

आणि ते माफीवरच्या प्रवचनात हमखास कोरी टेन बूम येते ना, नाझींच्या छळछावणीतून वाचलेली डच बाई. १९४७ साल, म्युनिकचं चर्च, रावेन्सब्रुकच्या छळछावणीतला जुना पहारेकरी येऊन हात पुढे करतो, तिचा हात वर होत नाही, मग प्रार्थना करते आणि हात देते. मोठीच गोष्ट आहे, तिची सख्खी बहीण त्या छावणीत मेली होती. पण तो पहारेकरी दर नाताळला तिच्या घरी करंज्या खायला येत नव्हता, तिची सही घेऊन प्लॉट विकत नव्हता. परक्याला एकदा हात देणं आणि भावाबरोबर आयुष्यभर नातं चालवणं हे दोन वेगळे पेपर आहेत.

पाळकाची_सून

सासरे पाळक, नवरा पाळक, त्यामुळे "विसरून जा" हे वाक्य आमच्या घरातून किती वेळा बाहेर पडलंय ते मला माहितीये 😅 पण खरं सांगू का, येशूने विसरा असं कुठेही म्हटलेलं नाही. योसेफाला भावांनी विकलं होतं, पुढे मिसरात तो मोठा अधिकारी झाला आणि त्याने पहिल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं, अर्थ काय तर देवाने मला माझ्या बापाच्या घराचा विसर पाडला. नाव ठेवलं, आणि पुढच्याच अध्यायात भाऊ धान्य मागायला समोर उभे राहिले तर याला सगळं आठवलं, स्वप्नांसकट. बरं, लगेच मिठी मारली का? नाही. त्यांना हेर म्हटलं, तीन दिवस कोंडलं, त्यातल्या शिमोनाला ठेवून घेतलं, धाकट्याच्या गोणीत चांदीचा प्याला लपवला. मधे एकदा आतल्या खोलीत जाऊन रडला, तोंड धुतलं आणि परत येऊन वाढा म्हणाला. हे सगळं कशासाठी? माझ्या मते त्याला बघायचं होतं की हे बदललेत का. ज्या यहूदाने याला विकायची कल्पना काढली होती तोच जेव्हा म्हणाला की धाकट्याच्या बदली मला गुलाम ठेवा, तेव्हा योसेफाचा बांध फुटला. म्हणजे मनातली माफी आधीच झाली असेल, पण समेट व्हायला समोरचा माणूस बदललेला दिसावा लागला. माफी एकटीने करता येते ताई, समेट एकटीने होत नाही.

आता तुमच्या अडकलेल्या वचनाबद्दल. मत्तय ५ नीट वाचा. "तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" असं तुला आठवलं तर दान तिथेच ठेव आणि जा. म्हणजे ज्याने दुखावलंय त्याने उठून जायचंय. ते वचन तुमच्या दादाच्या पत्त्यावर आहे, तुम्ही नऊ वर्षं दुसऱ्याचं पत्र उघडून रडताय. तुमच्यासाठी आहे ते मार्क ११, उभं राहून प्रार्थना करताना कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा, आणि ते जागच्या जागी करता येतं, त्याला नगरची एसटी लागत नाही.

आणि प्रभुभोजनाची भाकर अयोग्य रीतीने खाऊ नका हे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं ते कशावरून? तिथले पैसेवाले आधीच येऊन जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे त्यावरून. दुसऱ्याच्या वाट्याचं खाणाऱ्यांना तो दम होता. तुमचं तर उलट झालंय. संडे स्कूलची पोरं एक रविवार दुसऱ्या कुणाला सांभाळू दे.

अजून एक, मला फार आवडणारं. याकोब आणि एसाव, इसहाकाची दोन मुलं. याकोबाने भावाचा आशीर्वाद लुबाडला, वीस वर्षं बाहेर काढली आणि परत येताना कळलं की एसाव चारशे माणसं घेऊन येतोय. तेव्हा याने पुढे काय पाठवलं ते मोजा एकदा, शेळ्या, बोकड, मेंढ्या, एडके, दुभत्या सांडणी, गाई, बैल, गाढवं, सगळी मिळून साडेपाचशे जनावरं, सांडणींची पिल्लं वेगळीच. एसाव नको म्हणाला तरी घेच म्हणाला, आणि हिब्रूत तिथे त्या भेटीला जो शब्द आहे तो आशीर्वादाचाच. म्हणजे चोरलेलंच परत देत होता. गळ्यात पडून रडले दोघं. पुढे काय झालं ते मात्र प्रवचनात कुणी सांगत नाही. एसाव म्हणाला चल माझ्याबरोबर, याकोब म्हणाला तू हो पुढे, मी पोरं-जनावरं घेऊन सावकाश येतो, आणि गेलाच नाही. एसाव सेईरला, हा सुक्कोथला. एका गावात परत कधी राहिले नाहीत. पण इसहाक मेला तेव्हा बापाला दोघांनी मिळून मूठमाती दिली. मला वाटतं तो पण समेटच होता, कमी प्रतीचा नव्हता.

केळीची_वाडी

जय ख्रिस्त. आम्ही वसईकडचे कॅथलिक, पण भांडण मात्र तुमच्यासारखंच. जमिनीला भाव नव्हता तोवर आमच्याकडे भाऊ भाऊ एका विहिरीवरून केळी शिंपायचे, बिल्डर आले आणि वितावितावरून कोर्टात गेले.

माझे वडील आणि काका अकरा वर्षं बोलत नव्हते. एकाच चर्चला एकाच मिस्साला जायचे. मिस्सात एकमेकांना शांती द्यायची वेळ येते ना, आजूबाजूच्यांना नमस्कार करायचा, तर तो नमस्कार चुकवायला काका डावीकडे आणि वडील उजवीकडे बसायचे, आणि चुकून एका ओळीत आलेच तर वडील नेमके तेव्हाच चष्मा पुसायला काढायचे. आम्हा पोरांना ते इतकं सवयीचं झालेलं की मला वाटायचं शांती द्यायच्या वेळी चष्मा पुसायचाच असतो.

२ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी सगळे दफनभूमीत जातात, कबर साफ करायची, फुलं, मेणबत्त्या. आजी-आजोबांची कबर एकच. वडील सकाळी जायचे, काका संध्याकाळी, ठरलेलं. एका वर्षी सकाळी पाऊस पडला आणि दोघं संध्याकाळी समोरासमोर आले. वारा सुटलेला, काकांची मेणबत्ती टिकेना. वडिलांनी काही न बोलता कबरेच्या वाऱ्याकडच्या बाजूला बसून हाताचा आडोसा धरला. काकांनी चार काड्या घालवल्या, पाचवी लागली. काका म्हणाले, "तुझी पण घे लावून." बस. त्यानंतर काही चमत्कार झाला नाही, केस अजून तीन वर्षं चालली, वाटणी झालीच, मधे कुंपण घातलंच. पण कुंपणाला एक फाटक ठेवलं आणि काका गेले तेव्हा पेटीला पहिला खांदा वडिलांचा होता.

म्हणून सांगतो, केस चालू ठेवून पण माणूस बोलू शकतो. हे दोन्ही एकत्र चालत नाही असं उगाच आपल्या डोक्यात बसलंय.

थोरला_भाऊ

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. ताई, तुमची पोस्ट वाचून घाम फुटला कारण मी तुमच्या दादाच्या जागचा माणूस आहे. सांगली भागातला. बहिणीची सही मी अशीच घेतली होती. कारण सांगत नाही, कारणं खूप होती आणि सगळी तेव्हा मला पटलेली होती.

एक सांगतो, ज्याने खाल्लंय तो विसरलेला नसतो. बाहेरून तसं दाखवतो. मी बहिणीबद्दल वाईट बोलायचो चारचौघात, ती फार गर्विष्ठ आहे, पुण्यामुंबईकडे गेली आणि बदलली वगैरे, कारण ती वाईट असली तरच मला झोप लागणार होती. फोन का करत नव्हतो, तर "हॅलो" नंतरचं दुसरं वाक्य काय असणार तेच मला माहिती नव्हतं. माफ कर म्हटलं तर ती पैशाचं विचारणार, आणि पैसे तर मी घरात घालून बसलेलो.

मग एका उपासकाळात जक्कयावर प्रवचन झालं. नेहमीचंच हो, झाडावर चढलेला बुटका जकातदार, लहानपणापासून ऐकलेलं. पण त्या दिवशी लक्षात आलं की येशू त्याच्या घरी जेवायला गेला आणि त्याला पैशाबद्दल एक अक्षर बोलला नाही, जक्कय स्वतःच उभा राहून म्हणाला की कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. आणि तारणाचं बोलणं त्याच्यानंतर आलं. मी घरी येऊन हिशोब केला. चौपट सोडा, एकपट पण जमणार नव्हतं. तर तिच्या जुन्या खात्यावर दर महिन्याला पाच हजार टाकायला सुरुवात केली. मेसेज नाही, काही नाही. पहिल्या महिन्याचे तिने परत पाठवले. दुसऱ्या महिन्याचे पण परत. तिसऱ्या महिन्याचे आले नाहीत परत. त्या दिवशी मी मोबाईल हातात घेऊन दुकानाच्या मागे जाऊन रडलो, बायकोला वाटलं कुणी गेलं.

आज चार वर्षं झाली. बोलतो आम्ही, फार नाही. ती घरी येते पण रात्रीची राहत नाही. मी आग्रह करत नाही, तो हक्क मी घालवलाय हे मला कळतं. एकदा ती म्हणाली, दादा मी तुला माफ केलं होतं फार आधी, पण तुझ्यावर विश्वास नाहीये. मला ते वाक्य पहिल्यांदा फार लागलं. आता वाटतं बरं झालं खरं बोलली.

तुमच्या दादाने पत्रिकेत तुमचं नाव छापलं ते तुम्हाला आगाऊपणा वाटला, तो आहेच. पण मी माझ्यावरून सांगतो, ज्याला तोंडाने बोलता येत नाही तो असले उद्योग करतो. खरंच असेल असं नाही म्हणत, लोकांना दाखवायला पण छापलं असेल. एकदा साधं काहीतरी विचारून बघा, जमिनीचं नाही, लग्नाचं पण नाही, आणि उत्तर कसं येतं ते बघा.

सरळ_बोलणारा

भाऊ, तुमच्याबद्दल वाचून काय बोलावं कळेना. पाच हजार सुरू ठेवा एवढंच म्हणतो. (आणि लग्नाच्या फोटोत हसायची सक्ती नाही ताई, ते माझं मत कायम आहे.)

निवृत्त_शिक्षिका

मी घाईत लिहिलं होतं गं नगरच्या लेकी. आईच्या मातीला सुद्धा भावाने कळवलं नाही हे मी नीट वाचलंच नव्हतं. जा असं म्हणणार होते ते आता तुझ्यावर सोडते. साडी मात्र चांगली नेस, कुठेही गेलीस तरी.

नगरची_लेक

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते. दुसऱ्याचं पत्र उघडून रडताय हे वाचलं आणि आधी रागच आला, मग रात्री बायबल काढून ते वचन चार वेळा वाचलं. खरंच "तुझ्याविरुद्ध" आहे. इतकी वर्षं मी ते उलटं वाचत होते.

घर त्या कागदात नव्हतं, आज जुनी झेरॉक्स शोधून बघितलं. म्हणजे घराचं मी विचारणार आहे. लग्नाआधी नाही, नंतर, पण विचारणार आहे. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो जरा शांत झाला, त्याला वाटत होतं मी माफ करते म्हणजे सगळ्यावर पाणी सोडते.

थोरल्या भावांनी सांगितलं तसं साधं काहीतरी विचारायचं म्हणून मी काल वहिनीला व्हॉट्सॲपवर लिहिलं, पत्रिका मिळाली, आईचं बायबल कुठे असतं आता? बायबल दादाकडेच राहिलं होतं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर वडिलांनी सगळ्यांचे जन्म लिहून ठेवलेत, आजोबांपासून. वहिनीचं उत्तर नाही आलं. रात्री साडेदहाला दादाच्या नंबरवरून फोटो आला, त्या पानाचा, बाकी काही नाही.

मोठं करून बघितला. माझ्या नावापुढे वडिलांचं निळ्या शाईतलं अक्षर, "पहाटे ४ वा., पाऊस". त्याच्याखाली भाची, मग माझी मोठी, ते आईने लिहिलेलं, वाकडंतिकडं. आणि अगदी तळाला माझ्या धाकटीचं नाव. ती २०१८ ची आहे. आई तेव्हा नव्हती आणि आमचं बोलणं बंद होतं, तिच्या बाप्तिस्म्याला पण मी दादाला बोलावलं नव्हतं. बॉलपेनने लिहिलंय, दादाचं अक्षर आहे. कुणाकडून कळलं असेल त्याला माहिती नाही. तारीख चुकीची आहे, १४ लिहिलीये.

मी बराच वेळ काय लिहावं याचा विचार केला. तुम्ही सगळ्यांनी सांगितलेलं माफी, समेट, जक्कय, सगळं डोक्यात होतं आणि शेवटी लिहिलं काय तर "१४ नाही, १५".

सकाळी उत्तर आलंय. "बरं. दुरुस्त करतो."

लग्नाला चर्चमधल्या विधीपुरतं जायचं ठरवलंय, जेवायला थांबायचं की नाही ते तिथे गेल्यावर बघू. पहिला रविवार त्याच्या आधीच येतोय. पोरांना सांभाळायला मी शेजारच्या ताईंना सांगून ठेवलंय.